चांदीच्या कणांचा रंग : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

आईचा बहुतेक वेळ अंथरुणातच जातो. म्हणून तिच्या खोलीला दिवाळीनंतर चांदीचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) असलेला जीवाणूरोधक इमल्शन लावून घेतला. आता रत्नागिरीचा अख्खा पावसाळा त्याने काढला आहे.

धुण्या-पुसण्याला हा रंग उत्तम आहे. पलंगाजवळचे तेलकट डाग ओल्या फडक्याने निघतात आणि रंग फडक्याला येत नाही. श्रावणात खोलीला येणारा कुबट वास यंदा आला नाही. पण याचं सगळं श्रेय मी चांदीला देणार नाही. जुने पापुद्रे खरवडून नवी पुट्टी आणि प्रायमर केलं होतं, शिवाय खिडकीही दिवसभर उघडी असते.

पश्चिमेच्या भिंतीची गोष्ट वेगळी. तिच्यावर पावसाचा थेट मारा असतो. ऑगस्टमध्ये खालच्या अंगाला रंगाने पोपडे धरले आणि कपाटामागे काळी बुरशी आली. दुकानदार म्हणाला होता, "हा लावला की ओल विसरा." ही शुद्ध दिशाभूल आहे. चांदी पाणी अडवत नाही आणि बुरशीसाठी रंगात बहुधा वेगळं रसायन घालावं लागतं. बाहेरच्या भेगा बुजवून वॉटरप्रूफिंग केल्याशिवाय आतला कुठलाच रंग तिथे टिकणार नाही.

डब्यावरच्या '९९ टक्के जीवाणू मरतात' या दाव्याचा अर्थही समजून घ्यायला हवा. चांदीचे आयन (विद्युतभार असलेले कण) जीवाणूच्या पेशीपटलाला आणि प्रथिनांना चिकटून त्यांचं काम बंद पाडतात, पण त्याला ओलावा लागतो. आयएसओ २२१९६ या आंतरराष्ट्रीय प्रमाणित चाचणीत जीवाणू असलेला द्रव रंगाच्या थरावर पातळ फिल्मखाली दमट हवेत, ३५ अंशांच्या आसपास २४ तास ठेवतात. घरातली भिंत कोरडी असते, तिच्यावर धूळ बसते आणि धुळीवरच्या जंतूंचा चांदीशी संबंधच येत नाही. म्हणून भिंती पुसणं चालूच ठेवलंय. शिवाय आजाऱ्यापर्यंत जंतू पोचतात ते जास्त करून आपल्या हातांवरून, दाराच्या कडीवरून, पलंगाच्या कठड्यावरून. साबणाने हात धुण्याला हा रंग पर्याय नाही.

बाहेरच्या भिंतींना तर तो लावूच नका. स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात बाहेरच्या रंगातली ३० टक्क्यांहून अधिक चांदी वर्षभरात पावसाने धुऊन गेली होती, आणि पाण्यातल्या जिवांना ती घातक असते. रंगाऱ्याला ब्रश धुण्याआधी रद्दीवर नीट पुसायला सांगा, उरलेला रंग परसातल्या गटारात ओतू देऊ नका.

आजारी माणसाच्या खोलीला जादा पैसे मोजायला माझी हरकत नाही. हॉलला मात्र साधा धुता येणारा इमल्शनच लावणार आहे, आणि वाचलेले पैसे पश्चिमेच्या भिंतीच्या वॉटरप्रूफिंगला.