फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी घट्ट जॅकेट : दहीहंडी ते दिवाळी वापरल्यानंतर

दुकानात ‘अँक्झायटी जॅकेट’ म्हणून मिळतं ते हे. पाठ, छाती आणि पोट वेल्क्रोने आवळून धरणारं. १९ किलोचा देशी कुत्रा, दोन-अडीच महिने नियमित वापर. ढोल-ताशाच्या पथकांच्या वेळी त्याचा चांगला उपयोग झाला, लवंगी माळेच्या वेळी बऱ्यापैकी, सुतळी बॉम्बच्या वेळी जवळजवळ शून्य. ढोल हळूहळू जवळ येतो आणि एका लयीत वाजत राहतो, त्यामुळे कुत्र्याला सावरायला वेळ मिळतो. बॉम्बचा दणका अचानक बसतो. जॅकेट फक्त अंगाला दाब देतं, आवाज एक डेसिबलनेही कमी करत नाही. कायद्यात बसणारा फटाकासुद्धा चार मीटरवर १२५ डेसिबलपर्यंत वाजू शकतो, आणि कुत्र्याला तर आपल्या दुपटीहून वरच्या कंपनांपर्यंत ऐकू येतं. म्हणून खिडक्या बंद, जाड पडदे आणि घरातली सगळ्यात आतली खोली ही तयारी जॅकेटआधीची.

माप वजनावरून घेऊ नका. पाकिटावरचा तक्ता लॅब्राडॉरसारख्या भरदार अंगाला जमतो. देशी कुत्र्याची छाती खोल आणि कंबर बारीक. पुढच्या पायांच्या लगेच मागे टेप फिरवून छातीचा घेर घ्या आणि त्यावरून साइज ठरवा. मग कंबरेची पट्टी सैल पडते आणि जॅकेट मागे सरकतं. ती पट्टी आत दुमडून चार टाके घातले की बसतं. जॅकेटखाली कुठेही दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. त्याहून घट्ट केलं तर काखेत घासून केस जातात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्या फटाक्याला जॅकेट कपाटातून काढणं. दोन-तीनदा असं झालं की जॅकेट दिसताच कुत्रा पलंगाखाली जातो, कारण जॅकेट म्हणजे आता फटाके हे त्याला कळलेलं असतं. किमान तीन आठवडे आधी सुरुवात करा. पहिले दोन दिवस ते जमिनीवर पसरून त्यावर खाऊ ठेवायचा, एवढंच. मग नुसतं पाठीवर टाकायचं. वेल्क्रोचा चर्र आवाज काहींना फार लागतो, तेव्हा तो आधी दूरून ऐकवायचा, प्रत्येक वेळी चिकनचा तुकडा देऊन. त्यानंतर पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. आणि शांत दिवशीही आठवड्यातून एक-दोनदा घालायचं, जेवणाच्या वेळी, म्हणजे त्याचा फटाक्यांशी संबंध जुळत नाही.

दिवाळीत साडेपाचच्या आत फिरवून आणायचं, लघवी-शी उरकायची आणि अंधार पडण्याआधी जॅकेट चढवायचं. ऑक्टोबरच्या उकाड्यात दर तासा-दीड तासाला काढून काखा आणि पोट पाहा. धाप वाढली तर ती भीतीची की उकाड्याची हे ओळखणं अवघड, तेव्हा आधी जॅकेट काढा, पंखा लावा, पाणी द्या. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालूच नये.

इथे एक फसगत होते, आणि ती बहुतेक घरांत होते. जॅकेट घातल्यावर कुत्रा निश्चल बसला की ‘शांत झाला’ असं वाटतं. पण शेपूट पायांत, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, सारखं ओठ चाटणं चालू आहे, तर तो भीतीने गोठलाय. साधी परीक्षा म्हणजे त्याचा सगळ्यात लाडका खाऊ नाकाशी धरा. खाल्ला तर ठीक. तोंड फिरवलं तर जॅकेट पुरेसं नाही, आणि पशुवैद्याशी बोलायला हवं, तेही दिवाळीच्या पंधरा दिवस आधी. औषधाचा पहिला डोस शांत दिवशी देऊन पाहावा लागतो. नुसतं एसेप्रोमाझिन हे गुंगीचं औषध देण्याचा जुना उपाय टाळा, त्याने अंग ढिलं पडतं पण भीती तशीच राहते. माणसांची औषधं मनाने देऊ नका, काही पातळ औषधांत झायलिटॉल हा साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ असतो आणि तो कुत्र्याला विषारी आहे. आणि घाबरलेल्याला कुशीत घेतल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे. जवळ येत असेल तर खुशाल घ्या. ओढून मात्र आणू नका.

जॅकेटच्या पाठीवरची कडी पट्टा अडकवण्यासाठी नाही. दणका बसला की कुत्रा मागे झटका देऊन जॅकेटमधून सुटतो. बाहेर नेताना हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही, दोन्हींना पट्टा, आणि मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला. कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप असेल तर उत्तम, पण तिच्यात फक्त १५ आकडी क्रमांक असतो, कुत्रा कुठे आहे ते ती सांगत नाही. नोंदणीत त्या क्रमांकासमोर जुना मोबाइल नंबर असेल तर तीही फुकट.

मांजरीसाठी हे घेऊ नका. बहुतेक मांजरी ते घातलं की कुशीवर पडून राहतात. कपाटाचा खालचा कप्पा उघडा ठेवून जुनी चादर टाकलेली त्यांना जास्त आवडते. मात्र तोरणाचा दोरा आणि लिलीची फुलं त्यांच्यापासून दूर ठेवा. लिलीच्या परागांनीही मूत्रपिंडं निकामी होतात. फराळातले बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्यांनाही वर्ज्य.

वेल्क्रोत केस अडकून पकड जाते, ते दातांच्या जुन्या ब्रशने काढा. धुताना वेल्क्रो बंद करून, थंड पाण्यात, सॉफ्टनर न घालता. आणि भाऊबीजेनंतर लगेच माळ्यावर टाकू नका, तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतात आणि त्यांचे फटाके कुठल्या रात्री वाजतील ते आधी कळत नाही.