नॅनोट्यूबच्या छापील पट्ट्या: घ्याव्यात का?

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला आमचं कॉलेज. एम.एस्सी.च्या मुलांच्या प्रोजेक्टसाठी यंदा मल्टिवॉल कार्बन नॅनोट्यूबचा (एकात एक बसलेल्या कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा) थर दिलेल्या छापील इलेक्ट्रोड-पट्ट्या मागवल्या. बोटाएवढ्या पट्टीवर तिन्ही इलेक्ट्रोड: मधे काळा गोल, भोवती कार्बनचा कंस, कडेला चांदीच्या शाईचा रेफरन्स (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो). वर थेंब टाकला की सेल तयार. नेहमीचा ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड ॲल्युमिनाच्या भुकटीवर घासून साफ करत बसायचं काम वाचलं.

कस लागतो तो डोपामिन, म्हणजे मेंदूतला एक संदेशवाहक रेणू, मोजताना. साध्या कार्बनवर डोपामिन आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड (क जीवनसत्त्व) जवळपास एकाच व्होल्टेजला ऑक्सिडाइज होतात, म्हणजे इलेक्ट्रॉन देतात. शरीरात ॲस्कॉर्बिक कितीतरी जास्त, त्यामुळे प्रवाहाच्या आलेखातलं डोपामिनचं शिखर त्याच्या पोटात गडप होतं. पीएच ७.४ च्या बफरमध्ये डोपामिनवर धन भार असतो, ॲस्कॉर्बेटवर ऋण. नॅनोट्यूबवरचे ऋण भाराचे कार्बॉक्सिल गट डोपामिनला जवळ ओढतात, ॲस्कॉर्बेटला लांब ठेवतात. डीपीव्ही (व्होल्टेजचे छोटे ठोके देत प्रवाह मोजायची पद्धत) लावल्यावर स्क्रीनवर दोन शिखरं स्वच्छ सुटी दिसली आणि मुलं खुर्च्या सोडून जवळ आली. १९७३ साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये रसायनशास्त्रज्ञ राल्फ ॲडम्स यांच्या गटाने अशीच मोजणी करायला उंदराच्या मेंदूत कार्बन पेस्टचा इलेक्ट्रोड घातला होता, हे तेव्हाच सांगितलं. अशा वेळी सांगितलेलं डोक्यात बसतं.

आता तक्रार. पाकिटावर ‘पुन्हा वापरता येते’ असं छापलंय, ते डोपामिनसाठी खरं नाही. दोन इलेक्ट्रॉन देऊन डोपामिनचं क्विनोन होतं, पुढे त्याचं पॉलिमर बनून पृष्ठभागावर चिकटतं. धुऊनही दुसऱ्या वेळी शिखर बुटकं येतं. एक नमुना, एक पट्टी, असाच हिशोब धरा.

शिवाय एकाच पाकिटातल्या पट्ट्या सारख्या नाहीत. फेरीसायनाइडवर (इलेक्ट्रोड तपासायच्या नेहमीच्या द्रावणावर) तपासल्या, तर व्होल्टेज पुढे-मागे नेताना येणाऱ्या दोन शिखरांतलं अंतर काहींमध्ये आदर्श ५९ मिलिव्होल्टच्या बरंच पुढे. मोजणीआधी ही तपासणी टाळू नका.

डोपामिनचं द्रावण मात्र रोज सकाळी ताजं करा, बाटलीला फॉइल गुंडाळून बर्फात ठेवा. आपल्याकडच्या एप्रिलच्या उकाड्यात ते लवकर तपकिरी पडतं आणि दोष पट्टीच्या माथी जातो.

शिकवायला आणि मायक्रोमोलर (लिटरमागे मोलचा दहा लाखावा भाग) पातळीवरच्या कामाला मी या पट्ट्या पुन्हा घेईन. कंपनीने पाकिटावर बॅच क्रमांकासोबत त्या बॅचची फेरीसायनाइड चाचणी छापावी आणि दहा-दहांची छोटी पाकिटं काढावीत. कॉलेजच्या बजेटला मोठा बॉक्स जड जातो.