मोठा चेक असेल तर बँकेच्या ॲपच्या नादी लागू नका, सरळ ब्रँचला जा

गाडी टोटल झाली (दुरुस्तीपलीकडे गेली) त्याचा इन्शुरन्सचा 18,400 डॉलरचा चेक आला, म्हटलं रात्रीच ॲपवरून टाकून मोकळं होऊ, मागे सही केली, खाली फक्त मोबाईल डिपॉझिटसाठी असं पण लिहिलं, दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि शेवटी मेसेज काय तर दिवसाची लिमिट 5,000. अहो मग हे आधी सांगा ना, जाम चिडचिड झाली.

शनिवारी सकाळी इथे अमेरिकेत एडिसनच्या ब्रँचला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी मागची ती ओळ खोडून शेजारी इनिशियल्स करायला लावले, दहा मिनिटांत पावती हातात. आणि मी न विचारता समजावलं की एका दिवसात 6,725 डॉलरच्या वर चेक भरले तर वरच्या रकमेवर बँक जास्त दिवस होल्ड लावू शकते, म्हणजे पैसे अडकवून ठेवू शकते (जुलै 2025 च्या आधी हा आकडा 5,525 होता). माझे उरलेले पैसे सातव्या वर्किंग डेला सुटले. होल्डची तारीख लेखी घ्याच, त्याआधी नव्या गाडीचं डाउन पेमेंट ठरवू नका.

ब्रँचला 5 स्टार, ॲपला 2.