विंडोजचं डीफ्रॅग: दुकानातल्या दोन ड्राइव्हवरचा माझा अनुभव

मिरजेत आमचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामं. मुख्य मशीनवर विंडोज १० आहे. सी ड्राइव्ह म्हणजे २४० जीबीचा एसएसडी (चिपांवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह) आणि डी ड्राइव्ह म्हणजे १ टीबीची, ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्यांची) साधी हार्ड डिस्क. गिऱ्हाइकांची सगळी कामं डीवर. विंडोजबरोबर फुकट मिळणारं डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे सलग जुळवणारं साधन, मी या मशीनवर बरीच वर्षं वापरतेय. ‘ताई, डीफ्रॅग किती दिवसांनी करायचं?’ असं काउंटरवरही लोक विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पूर्वी एक जण दर महिन्याला दुकानात येऊन मशीन ‘साफ’ करून द्यायचा आणि ३०० रुपये न्यायचा. बाहेरचं कुठलंसं सॉफ्टवेअर सगळ्या ड्राइव्हवर चालवायचा. एसएसडी बसवल्यावरही त्याने सीवर तेच चालवलं, तेव्हा मी विचारलं, याला याची गरज आहे का? ‘मशीन फ्रेश राहतं,’ म्हणाला. मला ते पटलं नाही, आणि मी स्वतःच वाचायला बसले.

माझे वडील छापखान्यात जुळारी होते. खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, केसमध्ये प्रत्येक अक्षराचं घर ठरलेलं असे. छपाई झाल्यावर खिळे ज्याच्या त्याच्या घरात परत टाकले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी एक ओळ जुळवायला हात केसभर फिरायचा. हार्ड डिस्कचंही असंच. आत चकती फिरते आणि तिच्यावर वाचणारं डोकं सरकतं. ७२०० आरपीएमच्या चकतीला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. डोकं जागेवर न्यायचं आणि सरासरी अर्धी फेरी थांबायचं, असे मिळून तुकड्यामागे बारा-तेरा मिलिसेकंद जातात. एका फाइलचे हजार तुकडे विखुरले असतील तर बारा-तेरा सेकंद नुसत्या धावपळीत गेले. आमच्या कामात हे होतंच. पत्रिकेची फाइल दहा वेळा सेव्ह होते, स्कॅन येतात, पीडीएफ बनतात, पुसल्या जातात, आणि मोकळ्या झालेल्या फटींत नवीन फाइल तुकड्यातुकड्याने बसते.

एसएसडीत ना चकती, ना डोकं. तुकडा कुठेही असला तरी वाचायला जवळपास तेवढाच वेळ. उलट सगळा डेटा इकडचा तिकडे हलवला की तेवढं लेखन वाढतं, आणि एसएसडीचं आयुष्य लेखनाने झिजतं. म्हणजे सीवर दर महिन्याला मी पैसे देऊन झीजच विकत घेत होते. ती सेवा त्याच दिवशी बंद केली.

स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅग’ असं टाइप केलं की ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ ही खिडकी उघडते. आधी ‘मीडिया टाइप’चा रकाना बघा. तिथे हार्ड डिस्क आणि एसएसडी वेगवेगळे लिहिलेले असतात. ‘ऑप्टिमाइझ’चं बटण दोघांना एकच, पण काम निराळं. हार्ड डिस्कवर ते तुकडे जुळवतं. एसएसडीवर ते ट्रिमची आज्ञा पाठवतं, म्हणजे कोणत्या जागा आता रिकाम्या आहेत हे ड्राइव्हला कळवतं. सीचं ते काम काही सेकंदांत आटोपतं. या एका गोष्टीसाठी मी बाहेरच्या सॉफ्टवेअरपेक्षा विंडोजचंच डीफ्रॅग पसंत करते: समोर काय आहे ते ओळखून ते वागतं.

वेळापत्रक मुळातच आठवड्याचं लावून दिलेलं असतं. पण ती खिडकी उघडली तेव्हा डीवर २३ टक्के तुकडे दिसले, असं कसं? ‘लास्ट रन’च्या रकान्यात कित्येक महिन्यांपूर्वीची तारीख होती. विचार केल्यावर लक्षात आलं की हे काम मशीन चालू असताना, पण रिकामं बसलेलं असतानाच होतं. आमच्याकडे सकाळी दहापासून मशीनला उसंत नाही आणि रात्री नऊला दुकान वाढवताना मेन स्विचच बंद. मग त्याने काम करावं कधी? तुमचंही दुकान, क्लास किंवा ऑफिस असं चालत असेल, तर वेळापत्रकावर विसंबू नका, ती तारीख स्वतः उघडून बघा.

मी मंगळवारी दुपारी दोन ते चार, जेवणाच्या सुट्टीत, हाताने चालवायला सुरुवात केली. पहिल्यांदा दोन दुपारी लागल्या. मध्येच ‘स्टॉप’ दाबलं तरी फाइल बिघडत नाही, पुढच्या वेळी ते उरलेलं उचलतं. एका मंगल कार्यालयाच्या फ्लेक्सची मोठी कोरल ड्रॉ फाइल आधी उघडायला सव्वा मिनिट घ्यायची, ती पाऊण मिनिटावर आली. तीच फाइल सीवर ठेवली तर याहून कितीतरी लवकर उघडते, हेही सांगायला हवं. मशीन पळवायचं असेल तर पैसे एसएसडीवर घाला. आहे ती हार्ड डिस्क तिच्या मूळ वेगाला राहावी, एवढ्यासाठी डीफ्रॅग.

किती दिवसांनी? हार्ड डिस्क रोज कामाची असेल तर आठवड्याचं वेळापत्रक असू द्यावं आणि महिन्यातून एकदा ‘अ‍ॅनालाइझ’ दाबून आकडा बघावा. विंडोज ७ च्या मदतीत १० टक्क्यांच्या वर गेलं की डीफ्रॅग करा असं सांगितलेलं होतं, मी अजून तोच आकडा धरते. लग्नसराईत आमची डी तीन-चार आठवड्यांत तिथे पोचते, पावसाळ्यात दोन महिने हलत नाही. घरी फोटो आणि गाणी ठेवून दिलेली डिस्क असेल तर वर्षातून दोनदा बघितलं तरी पुष्कळ. पेन ड्राइव्हला काहीच करू नका.

विंडोज एक्सपीमध्ये हे काम करताना लाल, निळ्या, हिरव्या पट्ट्या दिसायच्या, लाल म्हणजे तुटलेल्या फाइल. २००७ मध्ये व्हिस्टा आलं तेव्हा तो नकाशा गेला आणि आठवड्याचं वेळापत्रक आलं. आता फक्त ‘पास ३’ (म्हणजे तिसरी फेरी) वगैरे अक्षरं दिसतात, एकूण पास किती ते आधी कळत नाही. मला तो नकाशा आवडायचा. एकदा दुसऱ्या एका सॉफ्टवेअरने डी १४ टक्के तुटलेली दाखवली, विंडोजने २. गोंधळू नका: ६४ एमबीपेक्षा मोठा तुकडा विंडोज मोजतच नाही, कारण एवढा सलग डेटा वाचताना डोक्याच्या एका उडीने फरक पडत नाही. ड्राइव्हवर १५ टक्के तरी जागा मोकळी ठेवा, नाहीतर जुळवायला जागाच उरत नाही.

आता सगळ्यात कळकळीने सांगायचं ते. आमची याआधीची ५०० जीबीची डिस्क अशीच मंद झाली होती. मी संध्याकाळी डीफ्रॅग लावलं. अर्ध्या तासाने मशीनमधून टिक्... टिक्... असा, घड्याळासारखा पण अडखळता आवाज यायला लागला आणि टक्का ११ वरून पुढे सरकेना. नशिबाने मी समोरच बसले होते, लगेच थांबवलं. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं तर पिवळ्या चौकटीत ‘कॉशन’, म्हणजे सावधान, आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’च्या, म्हणजे नीट वाचता न आलेल्या जागांच्या, ओळीत शून्य असायला हवं तिथे आकडा. डिस्क तुकड्यांमुळे मंद नव्हती, मरायला टेकली होती, आणि मी तिला कोपरा न् कोपरा वाचायला आणि लिहायला लावत होते. त्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून आठ वर्षांच्या पत्रिका दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या. तीन फोल्डर वाचलेच नाहीत. त्यातल्या एका शाळेचं बोधचिन्ह मला पुन्हा बिंदू-बिंदू काढावं लागलं.

तेव्हापासून डीवर ऑप्टिमाइझ दाबायच्या आधी मी ती पिवळी-निळी चौकट उघडते. आज निळी आहे, ‘गुड’ म्हणतेय. तुकडे १२ टक्के, दुसरा पास चालू आहे, आणि शटर उघडायला अजून पाऊण तास आहे.