अध्यापन रुग्णालयातील औषध-चाचणी : सहभागी रुग्णाच्या बाजूने परीक्षण

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या माझ्या आत्यांना मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली आहेत. त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या एका मोठ्या रुग्णालयात नव्या गोळीच्या चाचणीत सुमारे सहा महिने भाग घेतला, आणि सोबतचा नातेवाईक म्हणून मी हा सगळा कारभार जवळून पाहिला. पुढे काही उणिवाही सांगायच्या असल्यामुळे रुग्णालयाचे आणि औषध कंपनीचे नाव मी देत नाही. माझे मत आधीच सांगतो : चाचणी चालू असताना मिळालेली देखभाल नेहमीच्या ओपीडीपेक्षा कितीतरी सरस होती, चाचणी संपल्यानंतर रुग्णाचे काय, याचा विचार मात्र कोणी पुरेसा केलेला दिसला नाही.

आपल्या भागाला अशा अभ्यासांची ओळख नवी नाही. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडावाटे देण्याची जी चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये 2006 साली प्रसिद्ध झाली, ती बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांतच झाली होती. घरी किंवा उपकेंद्रात प्रसूत होणाऱ्या 1620 स्त्रिया तिच्यात होत्या आणि गोळ्या देण्याचे काम गावोगावच्या एएनएम सिस्टरांनी (उपकेंद्रातल्या परिचारिका-सुईणींनी) केले होते. खरी गोळी मिळालेल्यांत अतिरक्तस्रावाचे प्रमाण 6.4 टक्के, तर औषध नसलेली गोळी मिळालेल्यांत 12 टक्के आढळले. पुढे 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. पहिलटकरणींना कमी मात्रेत ॲस्पिरिन दिल्यास अकाली प्रसूती टळतात का, हे पाहणाऱ्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतील चाचणीतही बेळगाव हे एक केंद्र होते. तिच्यात जवळजवळ 12 हजार स्त्रियांनी भाग घेतला आणि अकाली प्रसूतीचे प्रमाण 13.1 वरून 11.6 टक्क्यांवर आले. ‘आपल्यावर प्रयोग करतात’ ही गावाकडची कुजबुज मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण त्या प्रयोगांतून काय निष्पन्न झाले, हे त्या गावांत कोणी नीट जाऊन सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता प्रत्यक्ष अनुभवाकडे वळतो. माहितीपत्रक आणि संमतीपत्र कन्नड व मराठी अशा दोन्ही भाषांत तयार होते आणि आत्यांना न मागता मराठी प्रत मिळाली, ही सीमाभागात लहान गोष्ट नाही. समन्वयक बाई मूळच्या निपाणीकडच्या असाव्यात, कारण आत्यांशी त्यांचे बोलणे अगदी घरगुती वळणाचे होते. ही गोळी बाजारात अजून आलेली नाही, कोणाला नवी आणि कोणाला जुनी गोळी मिळणार हे चिठ्ठी टाकावी तसे नशिबाने ठरते, आणि कोणत्या डबीत काय आहे हे डॉक्टरांनाही ठाऊक नसते, एवढे त्यांनी न कंटाळता समजावले. घरी जाऊन विचार करा आणि मग या, असेही त्यांनी स्वतःहून सांगितले. सही झाल्यावर एक प्रत आमच्या हाती दिली, ती आजही कपाटात आहे.

मात्र इथेच एक खटकणारी बाब घडली. आत्या सही करतात, पण त्यांना सलग वाचता येत नाही. वाचता न येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत एका निःपक्ष साक्षीदाराने संपूर्ण समजावणीला हजर राहून मगच सही करावी, असा नियम आहे. आमच्या वेळी साक्षीदार म्हणून शेजारच्या विभागातील एका कर्मचाऱ्याला बोलावले गेले ते शेवटच्या पानापाशी. आधी काय बोलणे झाले हे त्यांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. मी ते लक्षात आणून दिल्यावर समन्वयक बाईंनी तक्रारीचा सूर न लावता मुख्य मुद्दे त्यांच्यासमोर पुन्हा सांगितले, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

देखभालीला मी पूर्ण गुण देईन. नेहमीच्या ओपीडीत सकाळी केसपेपर काढून दुपारपर्यंत बाकावर बसावे लागते. चाचणीच्या रुग्णांना वेळ ठरवून दिलेली होती आणि उपाशीपोटी रक्त दिल्यावर नाश्त्याची सोय होती. तीन महिन्यांची सरासरी साखर, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, ईसीजी, या सर्वांचा खर्च अभ्यासातून झाला. घरी वापरायला ग्लुकोमीटर आणि पट्ट्या मिळाल्या. रिकाम्या पाकिटांसह उरलेल्या गोळ्या परत आणायच्या आणि त्या मोजल्या जायच्या, त्यामुळे आत्यांनी आयुष्यात प्रथमच एकही गोळी चुकवली नाही. साखर आटोक्यात आली त्यात डबीतल्या गोळीचा वाटा किती आणि या शिस्तीचा किती, हे आमच्यापैकी कोणालाही सांगता येणार नाही. तुलनेसाठी दुसरा गट ठेवतात तो याचसाठी, हे मला तेव्हा खरे उमगले.

एका रात्री आत्यांना घाम येऊन चक्कर आली, साखर उतरली होती. गूळ दिला आणि कागदावरच्या क्रमांकावर फोन केला. तो लगेच उचलला गेला, काय करायचे ते सांगितले गेले आणि सकाळी बोलावून तपासणी झाली. ही घटना गंभीर ठरली नाही. पण गंभीर प्रतिकूल घटना घडल्यास संशोधकाने 24 तासांच्या आत औषध प्रायोजक (चाचणी करवून घेणारी कंपनी), केंद्रीय परवाना अधिकारी आणि नैतिकता समिती (चाचणीला मान्यता देऊन रुग्णांच्या हिताकडे लक्ष ठेवणारी समिती) या तिघांना कळवणे बंधनकारक असते. 2019 च्या नव्या औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईही द्यावी लागते. नैतिकता समितीत किमान सात सदस्य असावे लागतात, त्यांतले निदान निम्मे संस्थेबाहेरचे असतात आणि एक सामान्य नागरिकही असतो. या समितीच्या सदस्य-सचिवांचा फोन माहितीपत्रकावर छापलेला असतो. तो क्रमांक वेगळ्या कागदावर लिहून ठेवावा, कारण अडचणीच्या वेळी वीस पानांच्या गठ्ठ्यात तो सापडत नाही.

पैशांच्या बाबतीत व्यवहार चोख असला तरी संथ होता. प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाचा मोबदला मिळत होता, पण तो बँक खात्यात जमा होण्यास इतका उशीर लागे की, खानापूरहून बसने येणाऱ्या मजूर माणसाला आधी पदरमोड करावीच लागेल. आत्यांसोबत मी होतो म्हणून निभावले. ज्यांना सोबत नाही त्यांच्यासाठी रोख रक्कम हातात देण्याची सोय असायला हवी.

सर्वात मोठी उणीव मात्र शेवटी आहे. अखेरच्या भेटीत गोळ्यांची डबी, राहिलेल्या पट्ट्या, सर्व काही परत घेतले गेले आणि आत्यांच्या हाती पुन्हा जुन्या ओपीडीचा केसपेपर आला. चाचणीतील औषध नंतरही मोफत देण्याची तरतूद नियमांत आहे, पण ती प्रामुख्याने ज्या आजारावर दुसरा उपचार उपलब्ध नाही त्यासाठी. मधुमेहावर पर्यायी औषधे भरपूर असल्याने ती इथे लागू होत नाही. म्हणजे कंपनीने नियम मोडला असे मी म्हणत नाही. परंतु सहा महिन्यांच्या तपासण्यांचा सारांश ओपीडीच्या डॉक्टरांसाठी लिहून देणे, पुढची औषधे कोणती हे त्याच दिवशी ठरवणे, एवढे तरी रुग्णालयाला सहज जमले असते. सारांश मागितल्यावर मिळाला, तोही पुन्हा खेप घालून. आणि मधल्या काळात आत्यांची साखर वर गेली ती गेलीच. सही करण्यापूर्वी ‘चाचणी संपल्यावर मला कोण पाहणार आणि कोणती गोळी चालू राहणार’ हा प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे, असे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.

निकालाचेही तसेच. भारतातील प्रत्येक औषध-चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदणीत करावी लागते. ही नोंदणी 2007 मध्ये सुरू झाली आणि 2009 पासून बंधनकारक आहे. माहितीपत्रकावरील क्रमांक टाकला की चाचणी कुठे चालू आहे, किती रुग्ण घ्यायचे आहेत, प्रायोजक कोण, हे कोणालाही विनामूल्य पाहता येते. मी तो क्रमांक अधूनमधून टाकून पाहतो. आत्यांना नवी गोळी मिळाली होती की जुनी, हे कळवण्याचे आश्वासन तोंडी मिळाले होते. कळलेले अजून काही नाही.

एकूण पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा साक्षीदारापायी कमी केला, एक शेवटच्या हेळसांडीपायी.

एक वेगळी गोष्टही सांगण्यासारखी आहे. अध्यापन रुग्णालयातला प्रत्येक अभ्यास कंपनीच्या औषधाचा नसतो. एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावा लागतो आणि त्यासाठी ते प्रश्नावली भरून घेतात, कधी नेहमीच्या तपासणीसोबत थोडे जास्तीचे रक्त मागतात. त्यात रुग्णाला औषध मिळत नाही की वेगळी देखभालही नाही, आणि त्यासाठीच्या जादा तपासणीचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. मागील महिन्यात त्याच ओपीडीत एका विद्यार्थिनीने आत्यांना असे विचारले. ‘आज नको बाई, बस चुकेल,’ असे आत्या म्हणाल्या. तिने हसून कागद बाजूला ठेवला, पुढच्या खोलीत नेहमीच्या डॉक्टरांनी नेहमीसारखेच तपासले, आणि दीडची बस मिळाली.