आमच्याच टेबलावर त्याला पुढची गिऱ्हाइकं मिळाली

सिंकखालच्या कपाटाचं दार उघडून तळाच्या फळीवर हात टेकला, तर बोट आत गेलं. ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी बोटाला लागलं. स्वयंपाकघराचं काम संपून पाच महिनेही झाले नव्हते. त्याच रात्री मी मावशीला फोन केला, कारण तिनेही त्याच कंत्राटदाराला पैसे दिले होते आणि ते माझ्या शब्दावर दिले होते. हे लिहायला बसले ती मुख्यतः मावशीमुळे. फळी बदलता येते.

आम्ही भावंडं, त्यांची मुलं आणि दोन जुनी मित्रकुटुंबं महिन्यातून एकदा एकत्र जेवतो. बारा-चौदा माणसं होतात. निम्मी बाहेरच्या खोलीत बसायची, निम्मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या जेवायची, आणि जी वाढत असेल तिच्या वाट्याला गप्पांचा फक्त आवाज यायचा. म्हणून मधली भिंत काढायची, ओटा फिरवून घ्यायचा आणि सगळे मावतील असं एक लांब टेबल करून घ्यायचं ठरवलं. भिंत पाडण्याआधी मात्र आम्ही एका स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. भिंतीवर छताचा भार नाही, असं त्याने लिहून दिलं, मगच हातोडा पडला. पूर्ण कामात नियमाने झालेली तेवढी एकच गोष्ट.

कंत्राटदाराला आमच्या एका मित्राने आणलं, तेही थेट जेवायलाच. तो चारचौघांत बसला, सगळ्यांची विचारपूस केली, आईच्या हातच्या जेवणाची मनापासून वाटावी अशी तारीफ केली, आणि हात धुतल्यावर खिशातून टेप काढून मापं घेतली. पुढच्या महिन्यात तो आपणहून आला. तोपर्यंत त्याला सगळ्या मुलांची नावं पाठ होती. कामाची कोटेशन मागितली तेव्हा म्हणाला, "ताई, घरचं काम आहे. कागदावर काय लिहायचं? माल आणला की तुम्हाला दाखवतोच." आणि मी गप्प बसले. ज्याला आपण आग्रह करकरून वाढलं, त्याच्याकडे सह्या मागायला जीभ उचलत नाही. त्याची सगळी मदार याच संकोचावर होती, हे आज मला कळतं.

पैसे मागायची त्याची एक वेळ ठरलेली होती. एरवी फोनवर तो कामाबद्दल बोलायचा, पैशाचा विषय काढायचा नाही. जेवणं उरकली, सगळे बसलेले असले, की हळूच म्हणायचा, "लॅमिनेटवाल्याचे आज द्यायचे होते, उद्या माल अडकेल." पाहुण्यांसमोर नाही कोण म्हणणार? सुरुवातीला चाळीस टक्के दिले होते. मग असे दोनदा, तीनदा. एके दिवशी मी हिशेब मांडला, तर ठरलेल्या रकमेतले नव्वद टक्के त्याच्याकडे गेले होते आणि काम निम्म्यावरही आलं नव्हतं. त्यानंतर त्याचे कामगार एक दिवस यायचे, चार दिवस यायचे नाहीत. तीन आठवड्यांचं काम चार महिने चाललं आणि शेवटी कसंबसं गुंडाळलं गेलं. उरलेले दहा टक्केही आम्ही देऊन टाकले, एकदाचं संपू दे म्हणून.

आता मालाबद्दल सविस्तर सांगते, कारण इथे आमच्या डोळ्यांदेखत फसवणूक झाली.

प्लाय आला तेव्हा त्यावर जलरोधक असा शिक्का होता. तो पाहून आमचं समाधान झालं. शिक्का कुणीही मारू शकतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. प्लायचे थर कोणत्या गोंदाने चिकटवले आहेत, यावर खरं सगळं ठरतं. फिनॉल फॉर्माल्डिहाइडचा गोंद असेल तर तो पाण्यात टिकतो. यूरिया फॉर्माल्डिहाइडचा असेल तर तो हवेतला दमटपणा सोसतो, पण सिंकखालचं रोजचं पाणी सोसत नाही. फिनॉलच्या गोंदाची रेघ कडेला गडद तपकिरी दिसते, पण नुसत्या रंगावर जाऊ नका, रंग मिसळूनही ती गडद करता येते. खात्री करायची तर कापून उरलेला हातभर तुकडा मागून घ्या आणि उकळत्या पाण्यात ठेवा. पाण्यात टिकायलाच बनवलेल्या मरीन प्लायच्या चाचणीत तुकडा 72 तास उकळतात आणि त्याचे थर सुटता कामा नयेत. घरी इतका वेळ कुणी उकळत नाही, गरजही नाही. आमच्या फडताळात उरलेला एक तुकडा मी नंतर पातेल्यात टाकला, तर जेवणं व्हायच्या आत त्याची पानं वेगळी झाली होती. हे मी पहिल्या दिवशी केलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

जाडीतही मारलं होतं. बोली 18 मिलिमीटरची होती. कडांवर एजबँड, म्हणजे कडा झाकणारी पट्टी, लावलेली असल्यामुळे बाहेरून मोजता येत नव्हतं. नव्या सुताराने युक्ती दाखवली. सिंकचा पाइप जिथून जातो तिथे फळीला भोक पाडलेलं असतं आणि त्या कडेला पट्टी लावायची तसदी कुणी घेत नाही. तिथे जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर 15 मिलिमीटर भरले.

मग स्टीलच्या जाळ्या. त्या दाखवताना तो चुंबक घेऊन आला होता. चुंबक चिकटला नाही, तेव्हा विजयी चेहऱ्याने म्हणाला, "बघा, 304 आहे." म्हणजे सहज न गंजणाऱ्या स्टीलची चांगली प्रत. आम्ही सगळ्यांनी पाहिलं, मुलांनी तर दोनदा करून पाहिलं. पुढे सहा-सात आठवड्यांत जाळ्यांच्या जोडांवर तांबूस डाग उठले. 202 प्रतीच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. 304 मध्ये निकेल साधारण 8 टक्के असतं, 202 मध्ये 4 ते 6, आणि गंजाशी झुंजायची ताकद त्या मानाने कमी. म्हणजे ती चाचणी खोटी नव्हती, तिने सिद्ध काही होत नव्हतं. प्रयोग डोळ्यांसमोर झाला की माणूस प्रश्न विचारायचं थांबवतो. आम्हीही थांबवले.

विजेचं काम मात्र आठवलं की अजून पोटात गोळा येतो. एका रविवारी सगळे जमलेले असताना ओव्हन आणि किटली एकाच वेळी चालू होती आणि भाचीने विचारलं, "मामी, जळका वास कसला येतोय?" सॉकेटच्या झाकणाला हात लावला तर चटका बसला. इलेक्ट्रिशियनने उघडून पाहिलं. 4 चौरस मिलिमीटरची तार घालायचं ठरलं होतं, आत 1.5 ची होती. प्रत्येकी 2000 वॉटची दोन उपकरणं 230 व्होल्टवर एकदम चालली तर 17 अँपिअरच्या वर प्रवाह जातो, आणि भिंतीतल्या नळीत कोंडलेल्या तेवढ्या बारीक तारेला तो पेलत नाही. याहून वाईट म्हणजे तिच्यावर एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, 32 अँपिअरचा बसवला होता. एमसीबीचं काम तार वाचवण्याचं. तो तारेच्या कुवतीपेक्षा मोठा असला तर तार वितळेपर्यंत तो पडतच नाही. त्या टेबलाभोवती त्या दिवशी पाच मुलं होती. निकृष्ट फळीला मी लबाडी म्हणेन. याला मी लबाडी म्हणू शकत नाही, शब्द फार लहान आहे. तारेच्या आवरणावर तिची जाडी छापलेली असते. भिंत बुजवण्याआधी ती वाचा आणि उघड्या नळ्यांचे फोटो काढून ठेवा.

आता मावशीकडे येते. त्या चार महिन्यांत तो आमच्याकडे जितक्या वेळा जेवला, तितक्या वेळा कुणा ना कुणाशी बोलत बसला. चुलतभावाला बाल्कनी बंद करून घ्यायची होती. मित्राच्या बायकोला मुलांच्या खोलीत कपाटं हवी होती. मावशी एकटी राहते, तिला न्हाणीघरात आधाराचे दांडे आणि न घसरणाऱ्या फरश्या बसवून घ्यायच्या होत्या. तिने मला फक्त एवढंच विचारलं, "माणूस बरा आहे ना गं?" मी म्हटलं, "आपल्यातलाच आहे." तेव्हा आमच्या ओट्याचं कामसुद्धा पुरं झालेलं नव्हतं.

तिघांनीही आगाऊ रक्कम दिली. मागाहून तारखा जुळवून पाहिल्या, तेव्हा लक्षात आलं की चुलतभावाने पैसे दिल्यावर दोन दिवसांनी आमच्या घरी लॅमिनेट आलं होतं, आणि मावशीने दिल्यावर चुलतभावाकडे खिडक्यांच्या चौकटी. एकाच्या अ‍ॅडव्हान्सवर दुसऱ्याचं काम ओढायचं आणि नवं गिऱ्हाईक मिळेपर्यंत सगळ्यांना झुलवत ठेवायचं. 1920 मध्ये बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने नव्या लोकांच्या पैशातून जुन्यांना परतावा दिला, त्याचंच हे घरगुती रूप. मावशी रांगेत शेवटची होती. तिच्याकडे जुन्या फरश्या उखडल्या गेल्या आणि त्यानंतर त्याचा फोन लागेनासा झाला. सत्तरीतली बाई कितीतरी आठवडे उघड्या सिमेंटवर पाय ठेवून अंघोळ करत होती आणि मला बोलली नाही. माझ्या मनाला लागेल म्हणून.

आम्ही चारही घरं मग त्याच टेबलाभोवती बसलो आणि ज्याच्याकडे जे होतं ते समोर ठेवलं. मित्राकडे बँकेतून पैसे पाठवल्याच्या नोंदी होत्या, चुलतभावाकडे संदेश होते, आमच्याकडे इंजिनिअरचं पत्र आणि उकळलेल्या प्लायचे फोटो. मावशीने रोख दिले होते, पावती नव्हती. चौघांची एकत्र तक्रार गेली आहे. त्यात मावशीची बाजू सर्वात लंगडी आहे, कारण तिच्यापाशी कागद नाही, फक्त मी "आपल्यातलाच" म्हटलं होतं ते आहे. कुणी ओळखीचा म्हणून काम देत असाल, तर निदान पैसे बँकेतून द्या. टप्पा पूर्ण झाल्यावर त्या टप्प्याचे द्या, आणि शेवटचा हप्ता सगळं महिनाभर वापरून पाहिल्यावर. त्याला राग आला तर येऊ द्या. आणि काम संपेपर्यंत त्याचं नाव दुसऱ्या कुणाला सुचवू नका, विचारलं तरी नाही. मी एवढं पाळलं असतं तर मावशी वाचली असती.

तिच्या फरश्या आम्ही भावंडांनी दुसऱ्या माणसाकडून बसवून घेतल्या, दांडेही. तिची बुडालेली रक्कम मी दर महिन्याला थोडी थोडी नेऊन देते. ती हात मागे घेते, मी डब्याखाली ठेवून येते. गेल्या महिन्यात ती जेवायला आली होती. जेवण झाल्यावर तिने टेबलाच्या कडेवरून हात फिरवला, लाकूड दाबून पाहिलं आणि विचारलं, "हे तरी चांगलं आहे ना?" टेबल नव्या सुताराने केलंय, आणि त्याच्या प्लायचा उकळून पाहिलेला तुकडा मी खिडकीत वाळत ठेवला होता. तो तिच्या हातात दिला.