राहतं घर मुलांना द्यायचंय: मृत्युपत्र करावं की बक्षीसपत्र?

साठी उलटली की बहुतेक घरांत हा विषय निघतो. ‘हयातीतच मुलाच्या नावावर करून टाकू, मागे भांडणं नकोत’ असं आईवडील म्हणतात, आणि बक्षीसपत्राला अवघं दोनशे रुपये मुद्रांक शुल्क लागतं हे कळलं की निर्णय पक्का होतो. माझं मत आधीच सांगते. राहतं घर एकच असेल, तर मृत्युपत्र करा. बक्षीसपत्राला जागा आहे, पण ती वेगळी.

खर्चाचा मुद्दा आधी उरकू. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. स्थानिक संस्थेचा अधिभार लागत असेल तर तो वेगळा. भाऊ-बहीण या यादीत नाहीत. त्यांना ३ टक्के दर आहे, म्हणजे ८० लाखांचा फ्लॅट भावाला दिला तर २ लाख ४० हजार. दुकानाचा गाळा मुलाला देतानाही २०० रुपयांची सवलत मिळत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कच नाही. साध्या कागदावर केलेलं, दोन साक्षीदारांच्या सह्या असलेलं मृत्युपत्र कायद्याने चालतं आणि त्याची नोंदणी ऐच्छिक आहे. बक्षीसपत्र मात्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं, आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारावं लागतं.

खरा फरक पुढे आहे. मृत्युपत्र तुमच्या पश्चात अमलात येतं. तोवर कितीही वेळा बदला, फाडा, नवं करा, शेवटचं खरं. बक्षीसपत्र नोंदवलं की मालकी त्याच दिवशी गेली. नंतर मन बदललं म्हणून ते मागे घेता येत नाही. घर आता मुलाचं, म्हणजे ते विकण्याचा आणि गहाण ठेवण्याचा हक्कही त्याचा. त्याचा धंदा बुडाला तर त्याच्या कर्जासाठी जप्ती याच घरावर येऊ शकते.

आणखी एक शक्यता आहे. ती बोलायला जड जाते, म्हणून कुणी काढत नाही. वडिलांनी घर मुलाला बक्षीस दिलं आणि मुलगाच आधी गेला तर? त्याने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ते घर त्याची पत्नी, मुलं आणि आई यांच्यात समान वाटलं जातं. आई पहिल्या वर्गाची वारस आहे, वडील नाहीत. ज्यांनी आयुष्यभर हप्ते भरून घर उभं केलं, त्यांचाच त्या घरावर वारस म्हणून हक्क उरत नाही. सून चांगली असेल, नातवंडं प्रेमळ असतील, तरीही आपलं म्हातारपण दुसऱ्याच्या मर्जीवर का सोडायचं?

‘पण ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे ना?’ आहे. २००७च्या या कायद्यातलं कलम २३ असं सांगतं की, सांभाळ करण्याच्या अटीवर साठ वर्षांवरील व्यक्तीने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. अर्ज न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे प्रांताधिकाऱ्यांपुढे करायचा. सगळी मेख ‘अटीवर’ या शब्दात आहे. अट असल्याचं दाखवता आलं नाही तर कलम २३ लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये दिला. जानेवारी २०२५मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईला तिचं घर परत मिळवून दिलं आणि या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने लावायला हवा असंही सांगितलं. तिथे बक्षीसपत्राच्या जोडीने सांभाळाचं वचनपत्र होतं. म्हणून बक्षीसपत्र करायचंच असेल, तर ‘प्रेम व आपुलकीपोटी’ एवढ्यावर थांबणारा छापील मसुदा घेऊ नका. त्यात असं कलम हवंच:

‘लिहून देणार यांस सदर सदनिकेत तहहयात राहण्याचा व तिचा उपभोग घेण्याचा हक्क राहील. लिहून घेणार यांनी लिहून देणार यांच्या अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचाराची व्यवस्था करण्याच्या अटीवर सदरचे बक्षीसपत्र करून दिले आहे.’

स्वतःसाठी तहहयात राहण्याचा हक्क राखून दिलेलं बक्षीस कायद्याने वैध आहे. मसुदा करणाऱ्याने ‘असं कुणी घालत नाही’ म्हटलं, तर मसुदा दुसऱ्याकडून करून घ्या.

वडिलोपार्जित मालमत्तेत गंमत उलटी होते. हिंदू एकत्र कुटुंबातला अविभक्त हिस्सा बाकीच्या सहदायादांच्या, म्हणजे त्या मालमत्तेत जन्माने हक्क असलेल्या भागीदारांच्या, संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही, पण तोच हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. गावच्या सामाईक सात-बाऱ्यावर नाव आहे म्हणून आपला वाटा लेकीला बक्षीस द्यायला निघालेल्यांनी हे आधी वकिलाला विचारावं.

मृत्युपत्राची कमजोर बाजूही सांगायला हवी. ते वापरायची वेळ येते तेव्हा बोलायला तुम्ही नसता. नाराज वारस सही खोटी म्हणतो, नाहीतर ‘बाबांना तेव्हा समजत नव्हतं’ म्हणतो, आणि फेरफारावर, म्हणजे सरकारी नोंदीत नाव बदलण्यावर, हरकत येते. कोर्टात मृत्युपत्र शाबित करायला किमान एक साक्षीदार उभा करावा लागतो, त्यामुळे साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान आणि सापडतील असे निवडा. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा आणि सक्ती नसली तरी नोंदणी करा. एखाद्या मुलाला कमी देत असाल किंवा काहीच देत नसाल, तर त्याचं नाव घालून कारण लिहा. ज्याचा उल्लेखच नाही, तोच आधी कोर्टात जातो.

या कटकटीतून बक्षीसपत्र सोडवतं, हा त्याचा मोठा गुण. दुसरा फ्लॅट आहे आणि त्यात विधवा लेक राहते, किंवा जमीन कसणाऱ्या मुलाला स्वतःच्या नावावर पीककर्ज हवं आहे, अशा ठिकाणी बक्षीसपत्रच करा. तुमचं छप्पर शाबूत राहतं आणि त्यांचा हक्क तुमच्यादेखत पक्का होतो. घरावर कर्ज असेल तर आधी बँकेचं ना-हरकत पत्र घ्या.

नॉमिनेशन केलंय म्हणून दोन्ही टाळणारे पुष्कळ आहेत. सोसायटीत नॉमिनी तात्पुरता सदस्य होतो. मालक कोण हे वारसाहक्क किंवा मृत्युपत्र ठरवतं. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये हेच सांगितलं.

गोव्यातल्या वाचकांसाठी हिशोब निराळा आहे. तिथल्या कायद्यात मुलांसारख्या हक्काच्या वारसांचा निम्मा वाटा राखीव असतो, मृत्युपत्राने उरलेल्या निम्म्याचीच विल्हेवाट लावता येते. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, चालत नाही. हिबा, म्हणजे बक्षीस, हयातीत पूर्ण मालमत्तेचाही करता येतो, पण ताबा द्यावा लागतो.

फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांनी आपापल्या हिश्शाचं वेगळं मृत्युपत्र करावं आणि आधी एकमेकांना द्यावं, मुलांची पाळी त्यानंतर. माझ्या पाहण्यात नवऱ्याचं मृत्युपत्र असतं, बायकोचं नसतं. मग तिचा हिस्सा कायद्याच्या वाटणीत जातो आणि मागे राहिलेल्या नवऱ्याला आपल्याच घरासाठी मुलांकडून हक्कसोडपत्रावर सह्या घ्याव्या लागतात.